चिपी–मुंबई : तीन वर्षं चाललेल्या एका विमानाचा हिशेब

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी इथल्या सिंधुदुर्ग विमानतळाचं उद्घाटन झालं. व्यासपीठावर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते, केंद्रीय मंत्री नारायण राणे होते, नागरी विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे दूरदृश्य प्रणालीवरून बोलले. त्या दिवशी वाहिन्यांवर दिसली ती भाषणं आणि एकमेकांना लगावलेले टोले. अलायन्स एअरच्या त्या पहिल्या विमानाचं वेळापत्रक मात्र फारसं कुणी वाचलं नाही. मुंबईहून ११.३५ ला निघायचं, दुपारी १ ला चिपीला उतरायचं. १.२५ ला चिपीहून निघायचं, २.५० ला मुंबई. पुढची तीन वर्षं काय होणार, हे मला वाटतं या चार वेळांमध्ये बऱ्यापैकी लिहून ठेवलेलं होतं.

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस हिवाळी वेळापत्रक लागू झालं, त्यात मुंबई–सिंधुदुर्ग ही जोडी नव्हती. दिवाळी चार-पाच दिवसांवर होती आणि पर्यटनाचा हंगाम नुकता सुरू होत होता. लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेखालची तीन वर्षांची मुदत संपली आणि तिच्याबरोबर विमानही संपलं. ही सेवा का टिकली नाही, आणि असे शेकडो मार्ग आखणाऱ्या देशाने त्यातून नेमकं काय पाहायला हवं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

सडा आणि चाकरमानी

चिपी–परुळे हे वेंगुर्ला तालुक्यातलं ठिकाण. समुद्रापासून जवळ, पण उंचावर, जांभ्याचा सपाट सडा. विमानतळासाठी जागा म्हणून सडा उत्तम असतो, कारण डोंगर फोडावे लागत नाहीत आणि वस्ती विरळ असते. अडचण पाण्याची आणि रस्त्याची. सड्यावर पाणी थांबत नाही आणि महामार्ग तिथून लांब, कुडाळच्या बाजूला. एमआयडीसीने हा प्रकल्प बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर दिला, आयआरबी समूहाच्या कंपनीने तो बांधला. धावपट्टी २,५०० मीटरची. या लांबीवर एअरबस ए-३२० सारखं मोठं विमानही उतरू शकतं, हे पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवायला हवं. धावपट्टी कधीच कमी पडली नाही.

१२ सप्टेंबर २०१८ ला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, इथे पहिलं चाचणी विमान उतरलं आणि त्यातून गणपतीची मूर्ती आली. मार्च २०१९ मध्ये टर्मिनलचं एक उद्घाटन झालं. त्यानंतर परवाने, पाणी, वीज, रस्ता, मग कोविड. प्रवासी उतरायला २०२१ उजाडलं.

जिल्ह्याची स्थिती आकड्यांतून चटकन कळते. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. म्हणजे घटली. माणसं मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरारला आहेत आणि घरं इथे आहेत. १९९७ मध्ये हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चाकरमानी आणि पर्यटक या दोन प्रकारच्या प्रवाशांवर विमानतळाची मांडणी उभी होती. मागणी आहे की नाही, असा प्रश्न कुणी विचारला तर गणपतीच्या आठवड्यात कोकण रेल्वेचं आरक्षण उघडतं त्या सकाळी आरक्षणाच्या खिडकीवर जाऊन यावं.

योजनेचं गणित

‘उडान’, म्हणजे ‘उडे देश का आम नागरिक’, ही योजना २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणातून आली. पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली उडालं, आणि त्याच दिवशी आपलं नांदेड हैदराबादला जोडलं गेलं. रचना अशी : कमी गर्दीच्या मार्गासाठी कंपन्या बोली लावतात. जी कंपनी कमीत कमी मदत मागेल तिला तो मार्ग मिळतो. विमानातल्या साधारण निम्म्या जागा मर्यादित भाड्यात विकायच्या, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये. भाडं आणि खर्च यांतली तफावत सरकार भरून देतं. या रकमेला सगळे ‘व्हीजीएफ’ (व्हायबिलिटी गॅप फंडिंग) म्हणतात. त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. उरलेला पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून येतो. म्हणजे मुंबई–दिल्लीचा प्रवासी चिपीच्या तिकिटाला हातभार लावतो. राज्य आणखीही देतं : इंधनावरचा मूल्यवर्धित कर १ टक्क्यावर, सुरक्षा आणि अग्निशमन मोफत. हे सगळं तीन वर्षं. आणि या तीन वर्षांत त्या मार्गावर निवडलेल्या कंपनीचाच हक्क.

मुंबई–सिंधुदुर्ग भाडं सुरुवातीला २,५२० रुपयांपासून होतं. विमान ७० आसनांचं. रोज एक फेरी धरली, एकही फेरी रद्द झाली नाही असं मानलं, आणि प्रत्येक आसन भरलं, तरी वर्षाला दोन्ही बाजूंचे मिळून ५१,१०० प्रवासी होतात. ही कमाल मर्यादा आहे. एवढ्यासाठी अडीच किलोमीटरची धावपट्टी, वाहतूक नियंत्रण कक्ष, अग्निशमन पथक, सुरक्षा रक्षक, टर्मिनल, सगळं रोज सज्ज ठेवायचं. दिवसातून पंचवीस मिनिटं विमान जमिनीवर असतं, बाकी वेळ सडा शांत. विमानतळ चालवणाऱ्याला यातून काय सुटणार? एका फेरीवर कुठलाही विमानतळ आपला खर्च काढू शकत नाही, त्यामुळे दुसरी फेरी, दुसरी कंपनी, दुसरं शहर यावंच लागतं. पण मुंबई या सर्वांत मोठ्या मार्गावर तीन वर्षं एकाच कंपनीचा हक्क होता.

हा हक्क देण्यामागे तर्क आहे, तो मी नाकारत नाही. नवा मार्ग रुजवायला कुणीतरी तोटा सोसतं, आणि रुजल्यावर दुसऱ्याने येऊन मलई खाऊ नये. पण ज्या कंपनीच्या ताफ्यात सगळी मिळून वीसेक विमानं आहेत आणि तीच विमानं देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या ‘उडान’ मार्गांवर धावत आहेत, तिथे एक विमान दुरुस्तीला गेलं की कुठल्या तरी लहान गावाची फेरी रद्द होते. चिपीची फेरी रद्द झाल्याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत नेहमीच्या झाल्या. पावसाळ्यात ढग सड्यावर टेकतात, तेव्हा आणखी. साधनांच्या मदतीशिवाय, नुसत्या नजरेवर उतरायचं तर किमान पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसावं लागतं. जुलैच्या कोकणात ते किती दिवस दिसतं, हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

चाकरमान्याने एकदा गणपतीला तिकीट काढलं, फेरी रद्द झाली, पैसे परत मिळाले, पण तोवर रेल्वेची प्रतीक्षा यादीही बंद झालेली. पुढच्या वर्षी तो विमानाचा विचारच करत नाही. भाडं पाचशे रुपयांनी वाढलं तर माणूस कुरकुरतो आणि तरीही येतो. भरवसा गेला की येतच नाही. शिवाय मर्यादित भाडं निम्म्याच जागांना. उरलेल्या जागांचं भाडं बाजार ठरवतो आणि सणाच्या दिवसांत ते कित्येक पट होतं. ज्या आठवड्यात जिल्ह्याला विमानाची सर्वांत जास्त गरज, त्याच आठवड्यात ‘सामान्य नागरिक’ त्यातून गळतो.

दुपारचा एक

आता पुन्हा त्या चार वेळांकडे.

डोंबिवलीचा माणूस ११.३५ चं विमान पकडायला सकाळी आठच्या आत घर सोडतो. एकला चिपी. सामान घेऊन, गाडी ठरवून मालवणला घरी पोहोचायला दोन. घरापासून घरापर्यंत सहा तास. २७ जून २०२३ ला मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली. ती ठाण्याहून पहाटे सहाच्या सुमारास निघते आणि अकराच्या सुमारास कणकवलीला पोहोचवते. पावसाळ्यात ती आठवड्यातून तीनच दिवस धावते, हे खरं. पण उरलेल्या महिन्यांत, ज्यात पर्यटनाचा हंगाम येतो, विमानाने वेळेची बाजी जवळजवळ गमावलेली होती. मुंबई–चिपी हवाई अंतर जेमतेम ३५० किलोमीटर. एवढ्या अंतरात विमानाचा वेग उपयोगी पडायचा, तर दोन्ही टोकांना वेळ वाया जाता कामा नये.

दुसरा प्रवासी, जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या ओरोसच्या न्यायालयात तारखेला येणारा वकील किंवा जिल्हा परिषदेत कामासाठी येणारा अधिकारी. तो एकला उतरतो, परतीचं विमान १.२५ ला निघून जातं. म्हणजे मुक्काम. तिसरा, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दाखवायला निघालेला रुग्ण. तो २.५० ला मुंबईत उतरतो, तोवर बाह्यरुग्ण विभाग उठलेला. म्हणजे पुन्हा मुक्काम. प्रादेशिक विमानसेवा वर्षभर जगते ती अशा कामाच्या प्रवाशांवर, कारण ते मंगळवारीही येतात आणि ऑगस्टमध्येही येतात. सकाळी जाऊन रात्री परत येता आलं, तर पाच-सहा हजारही देतात. भरदुपारच्या विमानाने या वर्गाला पहिल्या दिवसापासून बाहेर ठेवलं. उरले सुट्टीचे प्रवासी, आणि ते शनिवार-रविवार सोडून दिसत नाहीत.

दुपार का निवडली? याचं उत्तर चिपीत मिळत नाही, मुंबईत मिळतं. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासात तिथे ४६ उड्डाणं-उतरणं होत होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मर्यादा ४४ वर आणली गेली. ७० आसनांचं एटीआर आणि सव्वादोनशेहून अधिक आसनांचं एअरबस ए-३२१ या दोघांना तिथे सारखाच एक स्लॉट, म्हणजे उडण्या-उतरण्याची ठरलेली वेळ, लागतो. सकाळी सात-आठ आणि संध्याकाळी सहा-सात या वेळा दिल्ली, बंगळूरला जातात. लहान शहराच्या वाट्याला उरलेली दुपार येते. ‘उडान’च्या कागदपत्रांत भाडं, मदत, आसनसंख्या सगळं बारकाईने ठरवलेलं आहे. विमान कोणत्या वेळेला उडेल यावर मात्र योजनेची पकड फार सैल आहे. मला ही योजनेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

चिपीत रात्रीच्या उतरण्याची सोय सुरुवातीच्या काळात नव्हती, त्यामुळे संध्याकाळचा स्लॉट मिळाला असता तरी तो वापरता आला नसता. दोन्ही टोकांनी वेळ अशी आवळलेली होती.

शेजारचा मोपा

११ डिसेंबर २०२२ ला गोव्यातल्या मोपा इथल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. चिपीपासून मोपा सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला चिपीपेक्षा मोपाच जवळ. तिथे धावपट्टी ३,५०० मीटरची, दिवसभर विमानं, दिल्ली-हैदराबाद-बंगळूर थेट. एक फेरी चुकली तर दुसरी मिळते. दक्षिणेला गोव्याचं जुनं दाबोळी आहेच. म्हणजे सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आत तीन नागरी विमानतळ.

नव्या विमानतळांबाबतचं केंद्राचं २००८ चं धोरण सांगतं की असलेल्या विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा बांधायचा असेल तर परिणामांचा वेगळा विचार व्हावा. मोपाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००० सालचीच. दोन राज्यांनी आपापल्या हद्दीत स्वतंत्रपणे विमानतळ उभे केले आणि दोघांनी मिळून प्रवाशांचा एकत्रित अंदाज करावा, असं कुणालाच वाटलं नाही. चिपी बांधायला नको होतं असं मी म्हणणार नाही. मालवण, देवगड, कुडाळ, कणकवलीला त्याचा उपयोग आहे. पण ज्या दिवशी मोपा सुरू झालं, त्या दिवशी चिपीची भूमिका बदलायला हवी होती. दिल्लीहून येणारा पर्यटक मोपालाच उतरणार, हे मान्य करून चिपीने जवळच्या शहरांच्या लहान, वारंवार फेऱ्यांवर भर द्यायचा. तसा फेरविचार मुदत संपेपर्यंत झाला नाही. फ्लाय९१ या नव्या कंपनीने मार्च २०२४ पासून एटीआर विमानांनी सिंधुदुर्ग बंगळूरला जोडलं आणि ३१ ऑगस्ट २०२४ पासून पुण्यालाही, सुरुवातीला शनिवार-रविवार. कल्पना योग्य दिशेची होती, पण मुंबईची जागा त्याने भरत नाही.

इतर मार्गांशी ताडून

चिपी एकटं नाही. ‘उडान’वरचा महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल वाचवत नाही, पण वाचायलाच हवा. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदतीनंतर, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले ते ५४. देशातले चालू विमानतळ २०१४ मध्ये ७४ होते, दहा वर्षांत ते १५० च्या पुढे गेले. इमारती उभ्या करण्यात आपण हुशार आहोत, हे या आकड्यांत दिसतं. त्या अहवालातल्या मार्गांशी ताडून पाहिलं तर चिपी–मुंबई हे वाईट उदाहरणही नाही. ते सुरू झालं, अडखळत का होईना मुदतीपर्यंत पोहोचलं, आणि मदत थांबली त्या क्षणी थांबलं.

बिहारमधल्या दरभंग्याशी तुलना करून पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे ‘उडान’खाली दिल्ली, मुंबई, बंगळूरची सेवा सुरू झाली आणि विमानं पहिल्यापासून भरून जाऊ लागली. तिथलाही प्रवासी परगावी राहणारा, म्हणजे त्यांचा चाकरमानीच. फरक अंतराचा. दरभंगा–मुंबई रेल्वेने दीड दिवस खातो, तिथे विमान कितीही गैरसोयीच्या वेळी आलं तरी जिंकतं. शिवाय तिथे सुरुवातीपासून मोठी जेट विमानं आणि तीन मोठी शहरं होती. नाशिकचं ओझर आणखी जवळचं उदाहरण. ‘उडान’मधले तिथले अनेक मार्ग बंद पडले, पण मार्च २०२३ मध्ये इंडिगोने गोवा, अहमदाबाद, नागपूर अशा तीन दिशा एकदम सुरू केल्या. त्यात मुंबई नव्हती. जिथे रस्ता आणि रेल्वे विमानाशी बरोबरी करतात ती दिशा सोडून द्यायची, हा शहाणपणा त्यात दिसतो.

मग चिपीनेही मुंबई सोडून द्यावी का? मला तसं वाटत नाही. नाशिकहून मुंबई काही तासांवर आहे. चिपीहून रस्त्याने ती साधारण ५०० किलोमीटर आहे आणि मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळलं. इथे विमानाला जागा आहे, पण सकाळच्या आणि संध्याकाळच्या विमानाला.

कोण भरणार

मुदत संपल्यावर राज्याने पैसे द्यावेत, अशी मागणी स्वाभाविकपणे होते. त्याचा हिशेब सोलापूरवरून करता येतो. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर–मुंबई मार्गासाठी आसनामागे ३,२४० रुपयांची तफावत भरून द्यायला मान्यता दिली, वर्षाला १७.९७ कोटी रुपये. ही रक्कम कशी आली ते सोपं आहे : ७६ आसनांचं विमान, रोज जाणं-येणं, ३६५ दिवस. म्हणजे सगळी आसनं हिशेबात धरलेली. विमान पूर्ण भरलं तर एका प्रवाशामागे ३,२४० रुपये खर्च होतो. निम्मंच भरलं तर एका प्रवाशामागे ६,४८० रुपये, तेही करदात्याचे.

एसटीची एक गाडी गावात नेण्यासाठी आंदोलन करावं लागतं, त्या राज्यात हा खर्च डोळसपणे करायला हवा. तो करूच नये असं नाही. पण पैसे फेरी उडाली म्हणून द्यायचे, की वेळेवर उडाली म्हणून? माझं मत स्पष्ट आहे : मदतीची मोठी रक्कम वेळ पाळण्याशी आणि ठरलेल्या वेळेशी बांधावी. महिन्यात ठरावीक प्रमाणाहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या तर कपात. दुपारच्या फेरीला कमी दर, सकाळच्या फेरीला जास्त. आणि मदत एका रात्रीत शून्यावर आणण्याऐवजी चौथ्या, पाचव्या वर्षी उतरती ठेवावी. तीन वर्षांतली पहिली दोन वर्षं पावसाळे, बिघाड आणि ओळख होण्यात जातात. चिपीच्या बाबतीत तर पहिल्या हिवाळ्यातच कोविडची तिसरी लाट आली.

केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’ जाहीर केली, दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं आणि ४ कोटी प्रवासी हे उद्दिष्ट. त्या १२० ठिकाणांच्या यादीपेक्षा मला मोठ्या शहरांतल्या स्लॉटची यादी महत्त्वाची वाटते. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पनवेल, ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात कोकणातली माणसं किती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. तिथले सकाळचे आणि संध्याकाळचे काही स्लॉट लहान विमानांसाठी आत्ताच राखून ठेवले तर ठेवले. सांताक्रूझच्या धावपट्टीवर ती वेळ कधीच निघून गेली.

आणि एक साधी गोष्ट ठरवावी लागेल : विमान रात्री कुठे राहणार. आजवर ते चिपीबाहेर राहिलं, म्हणून चिपीला दुपार आली. ते चिपीत राहिलं तर सकाळी सातला निघेल, साडेआठच्या आत नवी मुंबईत उतरेल, दिवसभर तिथून दुसऱ्या दोन-तीन शहरांच्या फेऱ्या करेल आणि संध्याकाळी साडेसहाला निघून आठला सड्यावर परत येईल. त्यासाठी धावपट्टीवर दिवे, खात्रीची उपकरणं, मुक्कामी एक अभियंता, वैमानिक आणि कर्मचाऱ्यांसाठी कुडाळात किंवा मालवणात चार-सहा खोल्या, इंधनाचा टँकर आणि रात्री आठला टर्मिनलच्या दारात उभी असलेली कुडाळची एसटी लागेल.